डावखुरा ढोलवाला

दिवाळी अंकांची पिशवी दारात आली की मी आधी तिची झडती घेते, वाचन नंतर. आमच्याकडे, म्हणजे वेलिंग्टनच्या उत्तरेला टावा नावाच्या उपनगरात, दिवाळी अंक दिवाळी उलटून गेल्यावर पोचतात. पुण्याहून येणारं कोणीतरी ते चकल्यांच्या डब्याखाली घालून आणतं, विमानतळावर चकल्या उघडून दाखवतं, आणि मग ती पिशवी घरोघर फिरायला लागते. आमच्यानंतर ती हॅमिल्टनला जाते, ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या दूध कारखान्यात इंजिनियर असलेल्या महेशकडे. तिथून ऑकलंडला, ओटाहुहूच्या स्टेशनजवळ राहणाऱ्या, शिकायला येऊन इथल्याच झालेल्या मुलींकडे. पिशवीचे नियम मी केलेत. पान दुमडायचं नाही. पाककृती कापून घ्यायची नाही. आणि अंकात पेनाने काही म्हणजे काही लिहायचं नाही. शब्दकोडं सोडवायची हौस असेल तर झेरॉक्स काढा. या नियमांमुळे माझं नाव फारसं चांगलं नाही, हे मला ठाऊक आहे. ‘ताई, तुमच्यापेक्षा कस्टम्सवाले बरे,’ असं महेश दरवर्षी न चुकता ऐकवतो.

पण मी तरी काय करू? संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. एका सरकारी खात्यात मी सॉफ्टवेअर तपासते. बाकीचे लोक प्रोग्राम लिहितात आणि तो चालतो असं छातीठोकपणे सांगतात. तो कुठे बंद पडेल हे शोधण्याचा पगार मला मिळतो. सकाळी ‘किया ओरा’ म्हणून माओरी नमस्कार करणारा माणूस दुपारी माझ्या टेबलाजवळून वाट वाकडी करून जातो. अशी बावीस-पंचवीस वर्षं काढली की सवय घरात शिरते. दुधाची बाटली उघडली की मी आधी वास घेते, तारखेवर माझा विश्वास नाही.

या वर्षीची पिशवी आली तेव्हा उत्तरेचा वारा सुटला होता. वेलिंग्टनचा वसंत म्हणजे मुख्यतः वारा. फुलं असतात, पण ती बघायला डोळे उघडे ठेवावे लागतात आणि डोळ्यांत धूळ जाते. मी स्वयंपाकघरात बसून एकेक अंक चाळत होते. एका अंकात बाबांवर लेख निघाला. बाबा या वर्षी वारले, इकडे थंडी सुरू झाली तेव्हा, तिकडे नाशिकला लोक पावसाची वाट बघत असताना. लेखासोबत त्यांचा फोटो होता, आणि खाली, अर्धं पान व्यापून, ढोलवाला.

मी अंक मिटला. शेजारच्या घराकडे बघितलं. फोलाकेच्या खिडकीत दिवा होता.

हा ढोलवाला मी जन्मल्यापासून बघत आलेय. बाबा तरुणपणी पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. दिवसभर धरणांचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर उतरवायचे, आणि संध्याकाळी मित्रांना जमवून एक लघुअनियतकालिक काढायचे. त्याचे अंक निघाले मोजून चार. तरी आमच्या घरात त्या चार अंकांबद्दल इतकं बोललं गेलं की मला लहानपणी वाटायचं, बाबांनी चार धरणंच बांधलीत. त्यातल्या तिसऱ्या अंकाचं मुखपृष्ठ म्हणजे हा ढोलवाला. चपलेच्या तळाचं जाड रबर आणून बाबांनी तो ठसा स्वतः कोरला होता. मोठे डोळे, खांबासारखी मान, काखेत मध्ये बारीक झालेला ढोल आणि हातात वाकडी काठी. पुढे समीक्षकांनी त्याची आठवण काढली. बाबांचा पंच्याहत्तरीला सत्कार झाला तेव्हा व्यासपीठामागे हाच ढोलवाला पडदाभर मोठा करून लावला होता. वक्ते म्हणाले, पॅरिसचे वारे नाशिकच्या मातीत रुजवणारं हे चित्र. वारे मातीत कसे रुजतात ते मला कळलं नाही, पण मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी शाल सावरली आणि हात जोडले.

गोदावरीच्या एका पुरात बाबांचे स्वतःजवळचे अंक गेले. उरलं ते एका ग्रंथालयातल्या बांधीव खंडातलं. आपल्याकडे अंक बांधायला टाकले की बाइंडर जाहिराती आणि मलपृष्ठं काढून टाकतो, खंड सुटसुटीत व्हावा म्हणून. त्या खंडातल्या मुखपृष्ठाचा फोटो काढून, चौकट करून, मी तो आमच्या बोळकांडीत लावला होता. बाबांची आठवण म्हणून. नाशिकपासून इतक्या लांब माणसाला मिरवायला काहीतरी लागतं.

काही वर्षांपूर्वीचा तो वसंत मला दर पिशवीबरोबर आठवतो. त्या वर्षी बाबा माझ्याकडे राहायला आले होते. आई नव्हती, आणि नाशिकच्या घरात ते एकटे काय खातात याचा मला संशय होता. ऑगस्टअखेरीला आले ते माकडटोपी घालूनच विमानातून उतरले. कोवाईच्या झाडांना पिवळी फुलं लगडली होती. बाबांना ती फुलं आवडली, पण दुपारचा सूर्य उत्तरेला बघून ते नाराज झाले. ‘नकाशा उलटा धरल्यासारखं वाटतंय,’ म्हणाले. माझी मुलगी सई मराठी समजते, पण बोलते इंग्रजीच. तिने आजोबांना जँडल, म्हणजे इथल्या रबरी सपाता, आणून दिले. मोज्यांवर जँडल घालून बाबा अंगणात फिरायचे आणि तिच्या प्रत्येक ‘स्वीट अ‍ॅज’ला, म्हणजे इथल्या ‘झकास’ला, ‘काय गोड?’ म्हणून विचारायचे.

फोलाके आमची शेजारीण. नायजेरियाची, निवृत्त नर्स, सत्तरी केव्हाच ओलांडलेली. मुलाकडे म्हणून इथे आली; तो पुढे ऑस्ट्रेलियाला गेला, ही टावातच राहिली. कुंपणावरून आमची देवघेव चालायची. ती लिंबं द्यायची, मी कोथिंबीर. मागच्या दाराने स्वयंपाकघरापर्यंत ती आली असेल, मी तिच्या स्वयंपाकघरापर्यंत गेले असेन. त्यापुढे नाही. इथे शेजार असाच असतो, गोड आणि हातभर अंतरावरचा. सप्टेंबरात तिचा पाय मुरगळला म्हणून मी वरण-भाताचा डबा घेऊन गेले आणि पहिल्यांदाच तिच्या बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं.

समोरच्या भिंतीवर आमचा ढोलवाला होता.

माझ्या हातात डबा तसाच राहिला. तेच डोळे, तीच मान, तोच कमरेत बारीक ढोल. फक्त वर इंग्रजी अक्षरं होती, आणि काहीतरी वेगळं होतं ते मला पटकन कळेना. ‘हे काय आहे?’ मी विचारलं. आम्ही दोघी इंग्रजीत बोलतो, मी इथे मराठीत सांगतेय.

‘माझ्या भावाने केलंय,’ ती म्हणाली. ‘लेकान. माझा थोरला भाऊ.’

मग ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. त्यांच्या गावाहून इबादान शहर जवळ. देश नुकता स्वतंत्र झालेला. तिथून एक नियतकालिक निघायचं. त्यात आफ्रिकेतले नवे कवी, फ्रेंचमधून इंग्रजीत आणलेले कवी, समुद्रापलीकडच्या बेटांवरचे कवी, सगळे एका पंगतीला. आणि प्रत्येक अंकाला नवं मुखपृष्ठ. कोणी गुरुजी कार्यशाळा भरवायचे, तिथे सुताराची, लोहाराची, शाळा सोडलेली पोरं लिनोलियमच्या तुकड्यावर ठसे कोरायला शिकायची. लेकान त्यातला एक. जहाजाने ते अंक लंडनला जायचे, पॅरिसला जायचे, अमेरिकेत जायचे. ‘माझ्या भावाचा ढोलवाला माझ्याआधी जग फिरला,’ फोलाके म्हणाली. ‘पुढे आमच्याकडच्या यादवी युद्धाच्या वर्षांत तो आजारी पडला आणि गेला. हे एक पान राहिलं. इथे घर विकायचं म्हणून एजंट बोलावला होता एकदा. तो म्हणाला, छान आहे, युरोपातल्या कुणाची नक्कल आहे का?’

‘मग?’

‘मग मी घर विकलं नाही.’

मी हसले नाही. मला एव्हाना कळलं होतं की वेगळं काय आहे. तिच्या ढोलवाल्याच्या उजव्या हातात काठी होती. आमचा डावखुरा.

घरी येऊन मी बोळकांडीतली चौकट काढली आणि न्हाणीघरातल्या आरशासमोर धरली. आरशातला ढोलवाला उजव्या हाताने वाजवत होता. रेघ न् रेघ तीच. ठसा कोरायचा तर चित्र उलटं करून रबरावर घ्यावं लागतं, तेव्हा कुठे कागदावर ते सुलटं उमटतं. मुखपृष्ठावरची देवनागरी अक्षरं बाबांनी बरोबर उलटी कोरली होती, नाहीतर ती वाचताच आली नसती. पण चित्र? ट्रेसरची सवय! पेपर ठेवला, गिरवलं, तसंच्या तसं रबरावर उतरवलं. छापल्यावर उजवा डावा झाला. बाहेर बाबा सईला मोठ्यांदा विचारत होते, ‘तुझे टॉग्ज म्हणजे पोहायचे कपडेच ना, ते एकदा सांग बरं.’ आणि मी आत न्हाणीघराला कडी लावून माझ्या बापाची चोरी तपासत बसले होते.

पुढचे काही दिवस वाईट गेले. संशयाला काम मिळालं की तो ओव्हरटाइम करतो. मी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारायची, ‘बाबा, ढोलवाला कसा सुचला हो?’ बाबा म्हणायचे, ‘आमटी छान झालीय.’ ‘तुम्ही आफ्रिकेतली मासिकं बघायचात का तेव्हा?’ ‘सगळं बघायचो आम्ही,’ आणि पुन्हा वर्तमानपत्रातलं शब्दकोडं. एवढी टाळाटाळ करणारे बाबा मी कधी बघितले नव्हते. का आधीही करत होते आणि माझंच लक्ष नव्हतं? सत्कारातले जोडलेले हातसुद्धा मला आता वेगळे दिसायला लागले.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या खिडकीशी बसून मी त्या काळातल्या आफ्रिकन नियतकालिकांबद्दल मिळेल ते वाचत होते. खरं सांगते, शोधत होते ते बाबांना सोडवणारं काहीतरी. सापडलं ते दुसरंच. त्या काळातल्या अशा काही नियतकालिकांना सांस्कृतिक संस्थेच्या आडून परदेशी हेरखात्याचा पैसा जात होता, हे नंतर उघड झालं. कित्येक संपादकांनाही त्याचा पत्ता नव्हता म्हणे. आता यावर कोणी विश्वास ठेवायचा? मला तर एक हीन आनंद झाला. म्हणजे मूळ ढोलवालासुद्धा काही धुतल्या तांदळासारखा नाही. मी ते जाऊन फोलाकेला सांगितलंसुद्धा.

तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, ‘त्या चित्राचे जे पैसे मिळाले त्यातून भावाने मला शाळेचे बूट घेतले. ते हेरांचे होते का, ते बुटांना विचार.’ मग म्हणाली, ‘आणि तू इतकी कसून चौकशी का करतेयस?’

म्हणजे ही बाईही कमी नव्हती. ‘वडिलांना घेऊन येते चहाला,’ एवढंच म्हणाले. मनात म्हटलं, एकदाच काय तो सोक्षमोक्ष लागू दे.

त्या दुपारी वारा पडला होता, वेलिंग्टनमध्ये असं झालं की लोक एकमेकांना फोन करून सांगतात. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. भिंतीवर काय आहे हे नाही, भावाचं नाव नाही, काही नाही. तपासणीत आधी उत्तर सांगायचं नसतं. फोलाकेने दार उघडलं, बाबा ‘हॅलो, हॅलो’ म्हणत आत गेले, आणि खोलीच्या मध्यावर थांबले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो पडेल असं मला वाटलं होतं. तो पडला नाही. गावाकडचं माणूस अचानक बाजारात भेटावं तसा तो उजळला.

‘लेकान,’ बाबा म्हणाले.

फोलाकेच्या हातातला ट्रे टेबलावर आपटला. ‘तू सांगितलंस?’ तिने मला विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. ती लंगडत आत गेली. सूटकेसचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक पातळ अंक घेऊन. बाबांचा तिसरा अंक. मुखपृष्ठासकट, मलपृष्ठासकट. असा आख्खा अंक मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

‘तर ते तुम्ही,’ ती बाबांना म्हणाली. ‘हा टपालाने आला तेव्हा मी शाळेत होते. भाऊ हसला. म्हणाला, बघ, हिंदुस्थानात कोणीतरी मला डावखुरा केलंय. तो हसला, मी नाही. त्याचा ढोलवाला चोरणाऱ्या माणसाचं तोंड मला एकदा बघायचं होतं. एवढ्यासाठी मी हा सांभाळलाय.’

मी ते बाबांसाठी मराठीत सांगितलं. ‘चोरणाऱ्या’ला दुसरा शब्द मला मिळाला नाही, आणि शोधायचाही नव्हता.

बाबा खाली बसले. ‘अगं, चोरीचा माल कोणी मालकाला टपालाने पाठवतं का?’ ते मला म्हणाले. ‘आमची पद्धत होती. अंकाच्या बदल्यात अंक. कुठलंही मासिक हाती लागलं की मागचा पत्ता बघायचा, आपला अंक धाडायचा, आणि लिहायचं, तुमचा पाठवा. पॅरिसला पाठवले, लंडनला पाठवले, कोणी पोचसुद्धा दिली नाही. आला तो फक्त इबादानहून. तीन महिने बोटीने. त्यातला ढोलवाला मी घेतला आणि मागे नाव छापलं. उघड ना मागचं पान. मलपृष्ठ बघ.’

मी बघितलं. मुद्रणालयाचं नाव, किंमत, आणि अगदी तळाशी, पिसवांएवढ्या टाइपात: मुखपृष्ठावरील ढोलवादक – लेकान, इबादान.

माझे डोळे भरून आले. ते पुसून मी फोलाकेला म्हटलं, ‘नाव आहे. तुझ्या भावाचं नाव छापलंय इथे.’

तिने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. ‘तू त्यांची मुलगी आहेस,’ म्हणाली. ‘तू हेच म्हणणार.’

मला राग यायला हवा होता. पण तिच्या जागी मी असते तर शब्दन् शब्द हेच म्हटलं असतं. मग तिने जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. तिच्या वॉर्डात म्हणे जहाल औषधाची बाटली दोन नर्सनी वाचायची, वेगवेगळी; एकीने वाचलेलं दुसरीला ऐकू द्यायचं नाही. तिने मला बाहेर अंगणात पाठवलं. दार लावून घेतलं. बाबांना ती ओळ एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला लावली. मग बाबांना बाहेर काढलं, मला आत घेतलं. ‘ले कुठे आहे? का कुठे? न कुठे?’ मी दाखवलं. ‘आता असाच न दुसरीकडे दाखव. या पानावर. त्या पानावर.’ मी दाखवत गेले. खिडकीतून बाबा दिसत होते, मोज्यांवर जँडल घालून लिंबाच्या झाडापाशी उभे, परीक्षेचा निकाल लागायचा असलेल्या पोरासारखे.

‘जुळतंय,’ फोलाके शेवटी म्हणाली. मग अंक छातीशी धरला आणि रडली. मोठ्याने, बिनदिक्कत. इतकी वर्षं तिच्या सूटकेसमध्ये भावाचं नाव पडून होतं आणि ती त्याच कागदाला चोरीचा पुरावा समजत होती.

बाबा आत आले. चहा गार झाला होता. सगळं नीट झालं असं वाटत होतं, पण माझी खोड जात नाही. मी मराठीत विचारलं, ‘बाबा, नाव इतकं बारीक का? आणि सत्काराच्या वेळी ते लोक पॅरिस पॅरिस करत होते, तुम्ही गप्प का बसलात?’

बाबा कपाकडे बघत म्हणाले, ‘पॅरिसवरून घेतलं असतं ना, तर नाव मी पहिल्या पानावर छापलं असतं. ठळक टाइपात.’

हे मी फोलाकेला सांगायला हवं होतं का? मी सांगितलं. तिने मान डोलावली. म्हणाली, ‘आता हा माणूस खरं बोलला.’

मला तेव्हापासून ते वाक्य सोडत नाही. साहित्यातले प्रभाव प्रभाव म्हणतो आपण. पण प्रभावाचीही जात बघतो. पॅरिसचा प्रभाव पडला की माणूस तो अत्तरासारखा लावून हिंडतो. इबादानचा पडला की मलपृष्ठावर, तळाशी. आणि मग बाइंडर येतो, आणि त्याला बिचाऱ्याला काही माहीत नसतं, तो मागचं पान काढून टाकतो. पुढच्या पिढीला वाटतं, सगळं पॅरिसहूनच आलं. एवढ्या सगळ्यात मुद्दाम चोरी अशी कोणीच केलेली नसते. हीच खरी संशयाची गोष्ट आहे, पण ती पकडायला माझ्याकडे कुठली टेस्ट नाही.

उरलेला तो वसंत त्या दोघांचा होता. रोज दुपारी बाबा कुंपण ओलांडून जायचे. त्यांचं इंग्रजी सरकारी पत्रातलं, तिचं मराठी शून्य. बाबांनी तिला तीन अक्षरं शिकवली. ले. का. न. सईच्या जुन्या वहीत ती दोघं गिरवत बसायची; आधी अक्षरं, डोक्यावरची रेघ शेवटी, डावीकडून उजवीकडे, हात न उचलता. ‘आजोबा, हर ले इज हीप्स बेटर दॅन माइन,’ सई म्हणाली, आणि ते खरं होतं. फोलाकेला चौथं अक्षर नको होतं. ‘मला एवढंच वाचायचंय,’ म्हणायची. नोव्हेंबरात पिशवी आली तेव्हा ती अंकांमधून तिची अक्षरं शोधत बसली. त्या वर्षी महेशने ते रापाहून फोन केला की कोणीतरी शब्दकोडं पेनाने सोडवलंय. माझा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. बाबा नाशिकला पोचल्यावर फोनवर हसत म्हणाले, ‘मीच. आडवा सात चुकलाय.’

जाण्याच्या दिवशी विमानतळावर त्यांनी फोलाकेला शब्द दिला होता. सत्कार करणाऱ्यांना लिहीन, खंड आहे त्या ग्रंथालयाला लिहीन, ढोलवाला कोणाचा ते सांगीन. पुढे फोनवर मी विचारायची, ‘लिहिलंत का?’ ‘लिहितो, लिहितो.’ मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मग पडले. मग ‘लिहिलंय बहुतेक,’ असंही एकदा म्हणाले. त्यांनी लिहिलं आणि तिकडे कोणी लक्ष दिलं नाही, की त्यांनी लिहिलंच नाही, मला माहीत नाही. माझा बाबांवर जीव होता. आणि माझा संशय आहे की त्यांनी लिहिलं नाही. ही दोन वाक्यं मी एका दमात लिहू शकते हे मला आत्ताच कळलं.

आता हा लेख. लिहिणाऱ्याने प्रेमाने लिहिलाय. बाबा बोलताना ‘अरे लेका’ कसं म्हणायचे, चहा बशीत कसा ओतायचे, सगळं आहे. आणि चित्राखाली ओळ: त्यांनी रेखाटलेला अजरामर ढोलवाला.

दोन दिवस मी अंक घरातच ठेवला. माझ्या मनात काय काय आलं ते सांगते. पान हलकेच सोडवून घ्यावं. पिशवी तशीच ते रापाला पाठवावी आणि फोलाकेला म्हणावं, या वर्षी अंक आलेच नाहीत. पाककृती कापणाऱ्यांना इतकी वर्षं बोल लावणारी मी कात्री कुठे आहे ते आठवत होते. मेलेल्या बापाला पुन्हा एकदा अंगणात निकालासाठी उभं करायचं मला नको होतं.

तिसऱ्या दिवशी मी अंक घेऊन तिच्याकडे गेले. तिला आता फार चालवत नाही. ती ढोलवाल्याखालच्या खुर्चीत बसली होती. बाबांचा फोटो बघून तिने त्यावरून हात फिरवला. मी बोलायला तोंड उघडलं.

‘सांगू नकोस,’ ती म्हणाली. ‘मी बघते.’

तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ती एकही ओळ सोडत नव्हती. बाहेर वारा घराला धक्के देत होता. एका ठिकाणी बोट थांबलं. ‘ले,’ ती म्हणाली. ‘का.’ मग पुढे सरकली आणि परत आली. ‘इथे न नाही.’ बाबांचं ‘अरे लेका’ होतं ते. पान संपलं, दुसरं संपलं. चित्राखालची ओळ तिने दोनदा तपासली. मग तिने अंक उलटा केला आणि मलपृष्ठाचा तळ बघितला. तिथे एका सराफाची जाहिरात होती.

‘नाही,’ ती म्हणाली.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘मी लिहीन संपादकांना. मी खरंच लिहीन.’

‘तुझे वडीलही म्हणाले होते,’ ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. मग तिने हात पुढे केला. ‘पेन आहे?’

पेन माझ्या पर्समध्ये होतं. मी ते काढून, टोपण उघडून तिच्या हातात दिलं आणि अंक हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरला. तिने ढोलवाल्याच्या पायाशी, छापील ओळीच्या वर, अक्षरं काढली. ले. का. न. शेवटी डोक्यावरची रेघ, डावीकडून उजवीकडे, न उचलता.

‘वाच,’ ती म्हणाली.

मी वाचलं.

उद्या पिशवी ते रापाला जाईल. महेशचा फोन येणार, हे ठरलेलं आहे. ‘ताई, कोणीतरी अंकात पेनाने लिहिलंय.’ मी त्याला सांगणार आहे, हो, माझ्यासमोर लिहिलंय. ते बरोबर आहे. पुसू नकोस, आणि तसंच पुढे पाठव.